मालकांचा माल

गुरुवारी सकाळी आमच्या तळवड्याच्या चाळीत भंगारवाल्याचा टेंपो येतो. टेंपोवर भोंगा, आणि भोंग्यात कुणाचातरी भरून ठेवलेला आवाज. 'भंगाऽऽर वाले... लोहा, पत्रा, पेपर, रद्दी, पुराना कूलर, पुराना फ्रीज, बंद पडा मिक्सर...' इथल्या सगळ्या टेंपोंवर हाच एक आवाज. तो माणूस कोण, कुठला, जिवंत आहे का, कुणाला माहीत नाही. पण त्याला ओळखत नाही असं एक घर आमच्या भागात सापडायचं नाही. मला तो आवाज हुबेहूब काढता येतो. मुठीचा भोंगा करायचा, थोडं नाकातून बोलायचं आणि 'फ्रीज'वर आवाज जरा फाटू द्यायचा, कारण तिथं रेकॉर्डिंगमध्येच खरखर आहे.

हा काही माझा धंदा नाही. धंद्यानं मी सीएनसी मशीनचा ऑपरेटर, महाळुंग्याच्या एका कंपनीत, तेही कंत्राटावर. पण नकला शाळेपासून करतो. तालुक्याच्या गावातली शाळा आमची. हेडसरांच्या आवाजात 'वर्ग सुटला' असं ओरडून मी एकदा आख्खी सातवी घरी पाठवली होती. चाळीत मला सगळे नकल्याच म्हणतात.

समोरच्या खोलीतल्या काकू तर दुसऱ्या कुठल्या नावानं हाकच मारत नाहीत. काकू लातूरकडच्या. त्यांचे मिस्टर एका मोठ्या कंपनीत लेथ मशीनवर होते, रिटायर झाल्यावर इथंच एका छोट्या वर्कशॉपात जायचे. थंडीत गेले ते. काकू त्यांचा उल्लेख नेहमी 'मालक' असा करतात, जुन्या बायका करतात तसा. मालकांना वांगं आवडायचं. मालकांना पंख्याचा वारा सोसायचा नाही. मी नवीन होतो तेव्हा मला वाटलेलं की त्या घरमालकाबद्दल बोलतायत, आणि घरमालकाच्या वांग्याची यांना काय पडलीय.

काकूंची एक गोष्ट चाळीत सगळ्यांना पाठ होती. कंपनीत शिफ्ट सुटली की गेटवर झडती. वॉचमन प्रत्येकाचे खिसे चाचपायचा, जेवणाचा डबा उघडायला लावायचा. पण मालकांचा नंबर आला की हात मागं घ्यायचा आणि म्हणायचा, "तुमचं काय बघायचं मामा? जावा, जावा." एवढीच गोष्ट. पण सांगताना काकू हनुवटी गळ्यात घुसवून असा काही जाड आवाज काढायच्या, की वॉचमनच्या मिशाच दिसायच्या. नकलेतलं मला थोडं कळतं. तो वॉचमन मला त्यांच्याइतका कधी जमला नाही.

तर त्या गुरुवारी टेंपो आलाच नाही. गुरुवार म्हणजे आमचा रविवार, कंपन्या बंद, चाळ सुस्त. मी नळावर दात घासत होतो. हातात ब्रश, तोंडात फेस, आणि उगाच दुसऱ्या हाताची मूठ तोंडाला लावून सुरू केलं. 'भंगाऽऽर वाले...'

"ओ भंगारवाले! थांब, थांब रे बाबा!" समोरच्या खोलीतून काकू ओरडल्या.

मी भिंतीकडं तोंड केलं. "क्या है अम्मा?"

"लोखंड हाय! लई जड हाय, आत येऊन उचल! क्या भाव लेता?"

"भाव छोडो अम्मा, पहले माल दिखाओ."

काकू पदर खोचत दारात आल्या. माझ्या बनियनकडं बघितलं, ब्रशकडं बघितलं.

"मुडद्या! तू हाईस व्हय!"

आणि हसल्या. दाराच्या चौकटीला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. थंडीनंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघत होतो. मला एवढं बरं वाटलं की मी चूळ भरली तीसुद्धा भंगारवाल्याच्या आवाजात.

"आता आलाच हाईस तर उचल," त्या म्हणाल्या. "टेंपो आल्यावर दे त्याला. एवढासा डबा, अन् मला हलंना."

पलंगाखाली, पार मागं, बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. मी एका हातानं ओढायला गेलो आणि खांद्याला हिसका बसला. दोन्ही हातांनी घेतला. एवढ्या डब्यात एवढं वजन लोखंडाचंसुद्धा नसतं.

"काय आहे काकू यात?"

काकूंनी आवाज खाली आणला. "कार्बाइड."

"काय?"

"आंबे पिकवायचं औषध रे. मालक म्हनायचे, हात लावू नको, कार्बाइड हाय. आता लेक यायलीय बाळंतपनाला. उद्या लेकरू रांगायला लागलं, त्वांडात घातलं म्हंजी? इषच की ते."

"पण काकांनी आंबे कधी पिकवले?"

"त्येच तर! जन्मात एक आंबा पिकवला न्हाई. कशाला ठिवलं कुणास ठावं. ने बाबा. पैसे न्हाई दिले तरी चालतील म्हनावं, फकस्त घरातनं जाऊ दे."

मी झाकण उघडलं. आत टिपा होत्या. मशीनवर लोखंड कापायला जो छोटा तुकडा लावतात त्याला आम्ही टिप म्हणतो. नखाएवढी असते, कुठली तिकोनी, कुठली चौकोनी, कुठली गोल, वर सोनेरी नाहीतर काळं कोटिंग. सोनेरीवाल्या तर चॉकलेटसारख्या दिसतात. ती ज्या धातूची असते त्याला कार्बाइड म्हणतात. आंब्याच्या कार्बाइडशी तिचं नावापलीकडं काही नातं नाही. टिपेचे कोपरे झिजले की मशीनच्या दृष्टीनं ती मेली. पण मेलेली टिपसुद्धा भंगारात लोखंडाच्या भावानं जात नाही, त्याच्या कितीतरी पट भावानं जाते. ती वितळवून पुन्हा नवीन करतात. हे ज्यांना माहीत आहे ते तिला कागदात गुंडाळून ठेवतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्याकडं ती पलंगाखाली असते. आणि हा डबा काठोकाठ भरला होता.

मी झाकण लावलं.

"ठीक है अम्मा," मी म्हणालो. "देखते हैं."

हे मी माझ्या आवाजात नाही म्हणालो. का, ते मला तेव्हाच कळलं. भंगारवाल्याच्या आवाजात मला काहीच जड जात नव्हतं. त्याचं कामच आहे ते. तो लोखंड म्हणतो, तुम्ही लोखंड म्हणता, काटा लागतो, टेंपो निघून जातो. माझ्या आवाजात बोललो असतो, तर पुढचं वाक्य काय असायला पाहिजे ते मला माहीत होतं. म्हणून बोललो नाही. डबा उचलून आमच्या खोलीत आणला.

खोलीत माझा पार्टनर चहा गाळत होता. आमच्याच तालुक्यातला पोरगा, माझ्याच कंपनीत, माझ्यासारखाच कंत्राटावर. कंत्राटी पोरांना ठराविक महिने भरले की कंपनी ब्रेक देते, म्हणजे काही दिवस घरी बसवते, मग वाटलं तर परत बोलावते. आमच्या दोघांचा ब्रेक एकदमच येणार होता. खोलीचं भाडं काही ब्रेक घेत नाही.

त्यानं झाकण उघडलं, बोटांनी टिपा चाळल्या आणि गाळणी हातातच राहिली.

"भावा," तो म्हणाला. "भावा, आपला ब्रेक निघाला."

"काकूंच्या आहेत."

"होत्या. त्यांनी दिल्या ना?"

"त्यांना वाटतंय आंब्याचं औषध आहे."

"मग वाटू दे की. आपण सांगितलं का तसं? आपण मागितलं का? तू टेंपोवाल्याला दिला असतास तर त्यानं काय त्यांना बसवून लेक्चर दिलं असतं? लोखंडाचा भाव दिला असता. आपण डबल देऊ. लोखंडाच्या डबल. म्हातारी खूश, वर आशीर्वाद देईल."

मला तेच नको होतं. फुकट घेतला असता तर निदान घेतला असं म्हणता आलं असतं. डबल देऊन काकूंकडून 'लई केलंस रे बाबा' ऐकून घ्यायचं, हे मला चोरीपेक्षा घाण वाटत होतं. मी तसं म्हटल्यावर पार्टनर चिडला.

"चाकणच्या बाजारात संध्याकाळी कोथिंबीर मातीमोल मिळते तेव्हा तू काय करतोस? पिशवी पुढं करतोस. तेव्हा नाही वाटत घाण?"

हे मला लागलं. मी विचार केला. पण कोथिंबीरवाली बाई काय विकतेय ते तिला माहीत असतं. भाव का पाडलाय तेही माहीत असतं, तिला घरी जायचं असतं. कमी पैसे ती डोळे उघडे ठेवून घेते. काकूंना भाव माहीत नव्हता असं नाही. काकूंना वस्तूच माहीत नव्हती. त्या टिपा विकतच नव्हत्या. त्या नातवाच्या तोंडातलं विष काढून टाकत होत्या, आणि माझ्या भरवशावर.

"बरं, सांग जाऊन," पार्टनर म्हणाला. चहा त्यानं माझ्यासमोर ठेवला, आवाज आता खाली आला होता. "सांग की लाखमोलाचा माल आहे. मग त्या काय विचारतील? हे आलं कुठनं, असं विचारतील. काय सांगशील?"

टिपा कंपनीत मोजून मिळतात. जुनी जमा केल्याशिवाय टूल स्टोअरवाला नवी देत नाही. झिजलेली टिपसुद्धा कंपनीचीच. ती घरी यायला एकच रस्ता आहे, आणि त्या रस्त्यावर गेट आहे.

"तुमचं काय बघायचं मामा," पार्टनर हळूच म्हणाला. "जावा, जावा."

त्या दिवशी दिवसभर मी डब्याकडं बघत बसलो. न सांगावं तर काकूंचे पैसे जात होते. सांगावं तर काकूंचे काका. मी टिपा उलटसुलट करून बघितल्या. तऱ्हेतऱ्हेच्या होत्या, काही पार तुटक्या. वर्कशॉपातला कचरा असू शकतो. छोट्या वर्कशॉपात कुणी हिशोब ठेवत नाही, झाडताना उचलल्या असतील, वर्कशॉपाच्या मालकानंच दिल्या असतील. नसतीलही. टिपेवर कंपनीचं नाव असतं, पण ती बनवणाऱ्या कंपनीचं. ती कुठनं उचलली ते लिहिलेलं नसतं.

संध्याकाळी मी समोर गेलो. काकू ज्वारी निवडत होत्या.

"काकू, ते आंब्याचं औषध नाही. मशीनच्या टिपा आहेत. लई महाग जातात त्या. तुमच्या लेकीचं बाळंतपण होऊन वर उरेल."

काकूंनी वर बघितलं. मग पुन्हा हसल्या. "आता ह्यो कुनाचा आवाज?"

"माझाच आहे काकू."

"चल. सकाळी भंगारवाला झालास, आता सावकार व्हायलास व्हय?"

मी पुन्हा सांगितलं. त्या आणखी हसल्या. मी शपथ घेतली तर म्हणाल्या, शपथ तर तू रोजच घेतोस. खरंच घेतो. आयुष्यभर लोकांना फसवून हसवलं की हे असं होतं, खरं बोलायला स्वतःचा आवाजच शिल्लक राहत नाही. शेवटी म्हटलं, पुढच्या गुरुवारी माझ्याबरोबर चला, तुमच्यासमोर काटा लावू.

"लेक यायच्या आदी घरातनं जातंय न्हवं? मंग चल," त्या म्हणाल्या.

कार्बाइड घेणारा व्यापारी चिखलीकडं आहे. रिक्षात डबा मी मांडीवर घेतला आणि काकू माझ्यापासून सरकून बसल्या. हात नको लावूस त्वांडाला, असं सारखं सांगत होत्या. व्यापाऱ्याचं पत्र्याचं दुकान, आत पंखा, बाहेर ढीग. त्यानं टिपा पाटीत ओतल्या, मूठभर उचलून खाली सोडल्या. त्यांचा आवाज ऐकूनच त्याला कळलं. त्यानं काकूंना खुर्ची दिली. साध्या भंगाराला खुर्ची मिळत नाही. काकू खुर्चीच्या कडेला टेकल्या, आणि तिथं पहिल्यांदा त्यांच्या तोंडावरचं हसू गेलं.

त्यानं भाव सांगितला. काकूंनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. बरोबर होता भाव, मी आधीच दोन ठिकाणी विचारून ठेवलं होतं.

मग त्यानं ते विचारलं. मी आठवडाभर ज्याला भीत होतो तेच, आणि त्यानं ते इतक्या सहज विचारलं, वही उघडता उघडता, जसं पाणी पाहिजे का विचारावं.

"कुठल्या कंपनीचा माल आहे मावशी?"

पंखा फिरत होता. काकूंनी पाटीतल्या टिपांकडं बघितलं, त्यांच्याकडं बघतच राहिल्या. मी तोंड उघडलं. काय म्हणणार होतो देव जाणे, कदाचित दुसऱ्याच कुणाच्यातरी आवाजात काहीतरी. पण काकू बोलल्या.

"मालकांचा माल हाय," त्या म्हणाल्या. "आमच्या मालकांचा."

"मालकानं दिलाय ना? मग प्रश्नच मिटला," व्यापारी म्हणाला आणि लिहायला लागला. त्याला वाटलं कुठल्यातरी वर्कशॉपाचा मालक. काकू खोटं एक अक्षर बोलल्या नव्हत्या. पण त्याला तसं वाटलं हे त्यांना कळलं होतं, आणि त्यांनी ते तसंच राहू दिलं. तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर आली आणि लगेच खाली गेली. त्यांच्या लक्षात आलं होतं की हा प्रश्न मला आधीच माहीत होता.

परत येताना रिक्षात डबा नव्हता, तरी काकू तेवढ्याच लांब बसल्या होत्या. पैसे कमरेच्या पिशवीत, पिशवीवर हात. तळवडे जवळ आल्यावर म्हणाल्या,

"ते आनत असतील व्हय रे?"

"मला माहीत नाही काकू. वर्कशॉपातला कचराही असेल. खरंच माहीत नाही."

"मला म्हनायचे, हात लावू नको." त्या बाहेर बघायला लागल्या. "मला वाटायचं, माझ्या जिवासाठी सांगतेत."

काका असताना त्यांच्यासमोरच मी त्यांची नक्कल करायचो, खाकरून, शब्द ओढून, आणि ते खोकेपर्यंत हसायचे. ते गेल्यावरही कधीतरी काकूच म्हणायच्या, काढ रे मालकांचा आवाज, आणि मी काढायचो. चाळीच्या तोंडाशी उतरताना काकू म्हणाल्या,

"आता त्यांचा आवाज काढू नकोस बरं का."

"नाही काढणार."

पार्टनरला सगळं सांगितलं. तो म्हणाला, हमाली तरी मागायची होतीस. मग उशिरानं म्हणाला, तू बरोबर केलंस की नाही मला नाही सांगता येत, पण मी असतो तर गप्प बसलो असतो, आणि गप्प बसलो असतो तर म्हातारीचा म्हातारा तरी तसाच राहिला असता. मी त्याच्याशी भांडलो नाही. त्याचं सगळं चूक होतं असं मला आजही वाटत नाही. फक्त एक आहे, काकांना जसंच्या तसं ठेवायची किंमत काकूंनी द्यायची आणि माल आम्ही घ्यायचा, हा हिशोब मला कधीच बसला नाही.

लेक आली, मुलगी झाली. पैशांचा काकूंना उपयोग झाला, तो कसा ते त्यांचं त्या जाणोत. पण गेटची गोष्ट त्यांनी सांगायची बंद केली. आधी माझ्या लक्षात नाही आलं. कुणी काकांचा विषय काढला की काकू वांग्यावर जायच्या, पंख्यावर जायच्या, गेटपाशी यायच्याच नाहीत. मला ते घरात बंद पडलेल्या घड्याळासारखं ऐकू येत होतं.

बारसं चाळीतच झालं. दारात सतरंजी, घुगऱ्या, पाळण्याला फुगे. काकूंच्या गावाकडच्या एक आत्याबाई आल्या होत्या. त्यांनी पाळण्यात बघत म्हटलं, "आज्यासारखी सरळ निघू दे माय पोरगी." आणि काकूंकडं वळून म्हणाल्या, "ते गेटवरचं काय गं सांगत होतीस तू? त्यो वॉचमन काय म्हनायचा?"

काकूंच्या हातात घुगऱ्यांचं पातेलं होतं. त्या थांबल्या. लेकही बघायला लागली, तिलाही वडिलांची तीच गोष्ट ऐकायची होती. मग मी माझं काम केलं. हनुवटी गळ्यात घुसवली, आवाज जाड केला. तो वॉचमन मी आयुष्यात बघितलेला नाही, काकूंनी केलेल्या नकलेचीच मी नक्कल केली.

"तुमचं काय बघायचं मामा? जावा, जावा!"

लोक हसले. आत्याबाई हसल्या, पार्टनर कोपऱ्यातून माझ्याकडं बघत होता. काकू हसल्या नाहीत. पातेलं खाली ठेवलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "तसं न्हवता म्हनत त्यो."

"मग?" लेकीनं विचारलं.

काकूंनी हनुवटी खाली घेतली, आणि तोच जाड आवाज, तोच मिशीवाला माणूस, हुबेहूब. "मामा, डबा उघडा. खिसे दाखवा." मग आपल्या आवाजात, लेकीकडं बघत, "रोज उघडायला लावायचा. समद्यांच्या देखत. अन् तुझे बाबा रोज उघडून दाखवायचे. भाकरीचा चुरा निघायचा, दुसरं काय निघनार?"

"रोज?" आत्याबाई म्हणाल्या.

"रोज," काकू म्हणाल्या, आणि माझ्याकडं बघितलं. "व्हय की न्हाई रे नकल्या? कर बरं त्यो आवाज. नीट कर."

मी हनुवटी खाली घेतली.